खुब्याच्या ऑपरेशननंतर बाबांना घरी कसं सांभाळावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "बाबा ८१ वर्षांचे, आई ७५. डोंबिवलीत जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. पाच आठवड्यांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, अर्धा सांधा बदलला. ऑपरेशन उत्तम झालं असं डॉक्टर म्हणतात. नर्सिंग ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवली आहे. पण बाबा पलंगावरून उतरायलाच तयार नाहीत. दिवसभर झोपतात, रात्री हाका मारत बसतात, कधी कधी असंबद्ध बोलतात. आई थकली आहे. मी बंगळुरूला, बहीण ठाण्यात. वृद्धाश्रमात ठेवायचं नाही. घरीच नीट सांभाळायचं तर काय काय करावं?"

मी आधी ऑर्थोपेडिक वॉर्डात सिस्टर होते. नंतर घरोघरी जाऊन पेशंट बघणं आणि ब्युरोच्या बायांना काम शिकवणं हेच करत आले. तुमच्यासारखी घरं बरीच पाहिली आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते.

पाच आठवडे झाले आणि बाबा अजून पलंगावरच, हे चालणार नाही. घरात सगळे म्हणत असतील, "आराम पडू दे, हाड जुळू दे." अहो, अर्धा सांधा बदलला म्हणजे मोडलेला गोळा काढून तिथे धातूचा बसवला. हाड जुळायची वाट बघण्यासारखं तिथे काही उरलेलं नाही. अशा पेशंटला बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच वॉकर देऊन उभं करतात. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, त्या पायावर किती वजन टाकायचं ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना फोन करून एवढं एकच विचारा. त्यांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर आजपासून उठवायचं.

एवढं घाईने का सांगते? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना १० दिवस पलंगावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. तुमचे बाबा ८१ चे, वर ऑपरेशन, जेवण बेताचं, आणि दिवस झाले पस्तीस. ते "उतरायला तयार नाहीत" असं तुम्हाला वाटतंय. त्यातला हट्टाचा भाग थोडा असेल, पण पायात जीवच उरलेला नाही आणि पुन्हा पडायची धास्ती आहे हा भाग मोठा. म्हणून घरी सांभाळण्याचं माझं माप एकच असतं: आज पेशंटने स्वतःच्या हातापायांनी काय केलं? बाईने काय काय केलं ते मी नंतर विचारते.

पण त्याआधी रात्रीच्या बडबडीचं बघू, कारण ते या आठवड्यातच व्हायला हवं.

पडायच्या आधी बाबा पेपर वाचत होते, बँकेचं बघत होते आणि हे बरळणं ऑपरेशननंतरच सुरू झालं, असं असेल तर "वय झालं आता" म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंशही म्हणू नका. तो महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो. चार दिवसांत आलेला, सकाळी बरा आणि दिवेलागणीला वाढणारा गोंधळ वेगळा. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात आणि बहुतेक वेळा त्याच्या मागे शरीरातलंच काहीतरी असतं. लघवीचा संसर्ग हे एक कारण, आणि म्हाताऱ्या माणसात तो ताप न येताही होतो. रक्तातलं सोडियम उतरणं, चार-चार दिवस पोट साफ नसणं, लघवी तुंबणं, दुखतंय पण सांगायचं नाही हा स्वभाव, आणि हॉस्पिटलमधून सोबत आलेली झोपेची गोळी, ही बाकीची. लॅबवाला घरी येऊन नमुने नेतो. लघवी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सोडियम-पोटॅशियम, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाची तपासणी), शुगर एवढं तुमच्या फिजिशियनला विचारून करून घ्या. झोपेची गोळी चालू असेल तर ती कुणी, किती दिवसांसाठी लिहिली होती ते शोधा. मात्र जुनी सवयीची गोळी असेल तर मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही गोंधळ वाढतो.

कल्याणच्या एका आजींना घरच्यांनी मानसोपचारवाल्याकडे न्यायची तयारी केली होती. रात्री उठून कपाटातल्या साड्या बाहेर काढायच्या, मुलाला भाऊ म्हणायच्या. रक्त तपासलं तर सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्यात जेवण अळणी आणि पाणी भरपूर. ॲडमिट करून डॉक्टरांनी ते हळूहळू वर आणलं. चौथ्या दिवशी आजी सुनेला विचारत होत्या, गॅसचा नंबर लावलास का म्हणून.

तपासण्या होईतो घरात करायचं ते असं. चष्मा आणि कानाचं मशीन दिवसभर अंगावर हवं. ड्रॉवरमधल्या मशीनचा उपयोग नाही. सकाळी सात वाजता पडदे उघडायचे, दाढी करायची, रात्रीचे कपडे बदलून दिवसाचे घालायचे. गॅलरीत खुर्चीवर तासभर ऊन. पलंग फक्त झोपायला, पेपर-जेवण-चहा सगळं खुर्चीत. दुपारची झोप अर्धा-पाऊण तास, मग उठवायचं, ओरडले तरी. दिवसा आठ तास झोपलेला माणूस रात्री हाका मारणार नाही तर काय करणार?

आता उठवायचं कसं. माझ्या मते घरच्या सांभाळण्यातलं हे सगळ्यांत मोठं कौशल्य आहे, आणि तेच कुणी शिकवत नाही. नव्या बाया, आणि मुलंसुद्धा, समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढतात, नाहीतर काखेत हात घालून उचलतात. त्यात म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो, उचलणाऱ्याची कंबर जाते आणि पेशंटला वाटतं आपण पडतोय. तो मागे रेलतो, बाई आणखी ओढते. असं करा. खुर्ची हातांची आणि उंच हवी. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा थोडा वर राहिला पाहिजे; पलंग बुटका असेल तर पायांखाली सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे बसवून घ्या. बाबांना सीटच्या पुढच्या कडेशी सरकू द्या. पायांत पाठीमागे पट्टा असलेल्या चपला हव्यात, स्पंजच्या सपाता नकोत. चांगला पाय थोडा मागे, ऑपरेशनचा थोडा पुढे. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. हात खुर्चीवर दाबत थोडं पुढे झुकायचं आणि चांगल्या पायावर जोर देऊन उठायचं. खूप वाकायचं नाही, कारण सुरुवातीचे काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त मुडपायचा नसतो. म्हणूनच खुर्ची उंच हवी असं म्हणते. बाईने ऑपरेशनच्या बाजूला, जरा मागे उभं राहायचं. एक हात बाबांच्या कमरेला बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरलेला, दुसरा छातीपुढे नुसता तयार. उचलायचं नाही. उठणं बाबांचं, सावरणं बाईचं. उभे राहिले की लगेच पाऊल टाकायचं नाही. आधी मनात दहा आकडे मोजायचे, मग वॉकर पुढे.

पहिल्या दिवशी तीनदा उठून तीनदा बसले तरी खूप झालं. आठवड्याभरात तिन्ही जेवणं खुर्चीत, मग वॉकरने संडासापर्यंत, मग गॅलरीपर्यंत. आठवड्यातून दोन-तीनदा तरी फिजिओ घरी येऊ दे. पण तो तासाभराने जाणार, उरलेल्या वेळात किती वेळा उठवलं त्यावर सगळं आहे. फिजिओ यायच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी द्यायची. दुखणारा माणूस व्यायाम करत नाही, आणि मग घरचे म्हणतात सहकार्य करत नाहीत. दुकानातून मनाने आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र या वयात नकोत, मूत्रपिंडाला जड जातात.

सांध्यासाठीची पथ्यं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितली असतील, तरी पुन्हा सांगते. पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही, बुटक्या सोफ्यावर बसायचं नाही, खाली पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही, कुशीवर झोपताना दोन पायांत जाड उशी. किती आठवडे, ते त्यांना विचारा. सांधा कोणत्या बाजूने उघडून बसवला त्यावर ते ठरतं. देवपूजा पाटावर बसून करायची सवय असेल तर देव टेबलावर आणा. बाबा कुरकुर करतील. करू देत, पण पूजा त्यांनाच करू द्या.

एक प्रश्न मी प्रत्येक घरात विचारते: पडले कसे? पाय घसरला, की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली? बहुतेकांना नक्की आठवत नाही. म्हणून घरच्या मशीनवर बीपी असं मोजा: पाच मिनिटं आडवे असताना एकदा, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि पुन्हा तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. या वयाच्या पुरुषांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी बऱ्याचदा चालू असते, शिवाय बीपीच्या दोन गोळ्या. तिन्ही मिळून माणूस उभा राहिला की रक्तदाब खाली. रात्री लघवीला उठताना होणारी पडापड बरीच यातली असते. गोळीची वेळ बदलणं, मात्रा कमी करणं हे डॉक्टरांचं काम, पण आकडे हातात असल्याशिवाय ते तरी काय बदलणार.

आणि दुसरं, जे हमखास राहून जातं. उभ्या उंचीवरून पडून खुब्याचं हाड मोडलं म्हणजे हाडं ठिसूळ झालेली आहेत. सर्जनने मोडलेलं नीट केलं. पण ठिसूळपणाचं औषध कुणी सुरू केलं का? वर्षातून एकदा सलाइनमधून देतात तसं औषध आहे, गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. त्याआधी क्रिएटिनीन, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी बघावं लागतं. पुढच्या भेटीत स्वतःहून विचारा, कारण दुसऱ्या बाजूचा खुबा अजून शाबूत आहे आणि तो तसाच राहायला हवा. डी व्हिटॅमिनची ६०,००० युनिटची पुडी दिली असेल तर ती साधारणपणे आठवड्यातून एकदा असते. ती रोज दुधातून देणारी घरं मी पाहिली आहेत.

औषधांचा विषय निघालाच आहे तर बहिणीला एक रविवार याच कामाला लावा. घरातली सगळी औषधं, म्हणजे पट्ट्या, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, शेजाऱ्यांनी सुचवलेली कॅप्सूल, सगळं एका पिशवीत भरून एकाच फिजिशियनपुढे ओतायचं. कंपनीचं नाव न वाचता खाली बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव वाचा. तेच औषध दोन नावांनी चालू असलेलं सापडतं. ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असेल तर ते कोणत्या तारखेला थांबवायचं हे लिहून घ्या. गोळ्या आठवड्याच्या डबीत भरायचं काम बाईचं नाही. ते आईचं किंवा बहिणीचं.

बाथरूमवर मी कितीही लिहू शकते. तुमची इमारत जुनी, म्हणजे मोरी आणि संडास बहुधा वेगळे, दोन्हींना उंबरा, संडास भारतीय पद्धतीचा असण्याची शक्यता. बाबांना सध्या उकिडवं बसायचं नाहीच. पाश्चात्त्य कमोड असेल तर त्यावर चार इंचांचं उंच सीट बसवा, नसेल तर कमोडची खुर्ची आणा. भिंतीत ड्रिल मारून पकडायचे दांडे लावा. रबरी चोषकाचे, नुसते चिकटवायचे दांडे घेऊ नका, ऐन वेळी सुटतात. टॉवेलच्या दांडीवर तर कुणाचाही भार पेलत नाही. आंघोळ पाठ असलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आणि बादली तेवढ्याच उंचीच्या स्टुलावर, म्हणजे मगासाठी वाकावं लागत नाही. आतली कडी काढून टाका, नाहीतर बाहेरून उघडेल अशी लावा. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा. पायपुसणी, सतरंजी, वायरी सगळं उचला. आईचं जुनं पायपुसणं टाकायला ती तयार होणार नाही, तेवढं भांडण करा.

आता बाई. ब्युरोला पैसे भरले आणि आपण सुटलो असं फार घरांत होतं. चोवीस तासांच्या बाईला रात्री सहा-सात तास सलग झोप लागतेच. तुमचे बाबा रात्रभर हाका मारतात म्हणजे ती रात्री जागते आणि दिवसा पेंगते. दिवसा पेंगणारी बाई पेशंटला उठवत नाही, डायपर लावून झोपवून ठेवते. दोष तिचा नाही. रात्रीची घडी बसेपर्यंत बारा-बारा तासांच्या दोन बाया घ्या, किंवा काही रात्री बहिणीने नाहीतर तुम्ही काढा. खर्च वाढेल, पण तो दोन-तीन आठवड्यांचा असेल.

डायपरचं स्पष्टच सांगते. लघवी समजते त्या माणसाला बाईच्या सोयीसाठी डायपर लावला तर महिन्याभरात त्याला लघवी सांगायची सवय राहत नाही. दिवसा दर दोन-अडीच तासांनी स्वतःहून "जायचंय का?" असं विचारून न्यायचं, रात्री पलंगाशी युरिन पॉट ठेवायचा. डायपर फार तर रात्रीपुरता.

बाई ठेवताना ब्युरोला विचारायचे प्रश्न पगारापलीकडचे आहेत. तिने याआधी खुब्याचा पेशंट केला आहे का? आधीच्या घराचा फोन नंबर मिळेल का? आधार आणि पोलीस पडताळणी झाली आहे का? तिच्या सुट्टीला बदली कोण येणार, आणि नवी बाई जुनीसोबत निदान अर्धा दिवस काढणार का? "नर्स" म्हणून पाठवलेली बाई एएनएम-जीएनएम, म्हणजे नर्सिंगचं रीतसर शिक्षण झालेली आहे, की महिन्या-दोन महिन्यांचा कोर्स केलेली आहे, हेही विचारा. कोर्सवाल्या बाया चांगल्या नसतात असं नाही, माझ्याकडच्या सगळ्यांत हुशार बाईने कोणताच कोर्स केला नव्हता. पण इंजेक्शन, कॅथेटर, नाकातली नळी या गोष्टी शिकलेल्या माणसाच्याच हातच्या. आंघोळ घालायला मावशी चालतील की पुरुष मदतनीस हवा, हे बाबांना विचारलंत का? आयुष्यभर शिस्तीत राहिलेला माणूस परक्या बाईपुढे कपडे काढायला लाजतो आणि मग "आंघोळ नको" म्हणून चिडतो. सकाळी तासभर एखादा मामा येऊन गेला तर निम्मी भांडणं मिटतात.

तिची कामं कागदावर लिहा, आणि त्यात भांडी-केर घुसडू नका. तिला वेळेवर जेवण, दुपारी दोन तास मोकळे, झोपायला पंख्याखाली जागा. कपाट-दागिने आधीच बंद करून किल्ली बहिणीकडे द्या, म्हणजे उद्या काही सापडलं नाही तर तिच्यावर आळ जाणार नाही. आणि तिचा कपबशीचा जोड वेगळा ठेवत असाल तर तो आजच बंद करा. ज्या हातांनी ती बाबांना जेवण भरवते त्याच हातांना घरात विटाळ, हे तिला कळत नाही असं समजू नका. कॅमेरा लावायचा तर हॉलमध्ये, आणि तिला सांगून. बाबांच्या खोलीत नको, तिथे त्यांचे कपडे बदलतात.

एक वही ठेवा. उठवलं किती वेळा, चाललं कुठवर, काय खाल्लं, पाणी किती पेले, लघवी, संडास, झोप. बाईला लिहिता येत नसेल तर रकाने आखून फुल्या मारू द्या. रोज रात्री आई त्या पानाचा फोटो तुम्हाला पाठवेल. बंगळुरूहून बाबांना "व्यायाम करा हं" असं सांगण्यापेक्षा "आज गॅलरीपर्यंत गेलात म्हणे" हे सांगणं लागू पडतं.

जेवणाचं थोडक्यात. ऑपरेशननंतर भरून यायला आणि स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम. चहा-मारी, मऊ भात, पातळ वरण, रात्री दूध-पोळी यात त्याच्या निम्मीही कशीबशी होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. अंडी चालत नसतील तर घट्ट दही, पनीर, मुगाचं धिरडं, मटकीची मऊ उसळ, दुधातलं नाचणी सत्त्व, भाजीत दाण्याचं कूट. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून. जेवण सरळ बसूनच द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. आडव्या माणसाला फीडिंग कपने पाणी पाजलं की ते श्वासनलिकेत जातं. रात्री उठावं लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच कमी पितात, त्यातून बद्धकोष्ठ, चक्कर, लघवीचा संसर्ग. हृदयासाठी किंवा सोडियमसाठी पाण्याचं पथ्य नसेल तर बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत प्यायला द्या.

आजपासून रोज आंघोळीच्या वेळी माकडहाड, टाचा, खुब्याच्या बाजू बघायच्या. लाल ठिपका बोटाने दाबला आणि पांढरा झाला नाही तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा. त्या जागी मालिश करायचं नाही, पावडर चोपडायची नाही, मध्ये भोक असलेली रबरी रिंग द्यायची नाही. त्या जागेवरचा भार काढायचा. जितका वेळ आडवे असतील तितका वेळ दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या. एअर बेड लागला तरी कूस बदलणं सुटत नाही.

तुमच्या पत्रात आईबद्दल एकच वाक्य आहे, "आई थकली आहे." माझ्या हिशेबी या घरात पेशंट दोन आहेत. तिला मधुमेह, बीपी काही आहे का? तिच्या गोळ्या वेळेवर होतात का? बाबांचं ताट झाल्यावर दोन वाजता जेवणाऱ्या मधुमेही आज्या मला साखर उतरून घामाघूम झालेल्या सापडतात. तिला विचारलंत तर ती "मी ठीक आहे" असंच म्हणणार. म्हणून विचारू नका, ठरवून टाका. बहीण आठवड्यातला एक पूर्ण दिवस तिथे, आणि त्या दिवशी आई घराबाहेर. भिशी, देऊळ, ज्येष्ठ नागरिक संघ, मैत्रिणीकडे, कुठेही. कागद, पैसे, ब्युरोशी बोलणं, औषधं मागवणं, डॉक्टरांच्या वेळा घेणं हे तुम्ही लांबूनही पूर्ण उचलू शकता. बहिणीने अंगमेहनत करायची आणि तुम्ही फोनवर सल्ले द्यायचे, अशी वाटणी दोन महिन्यांत नात्यावर येते.

पैशांबाबत अपेक्षा साफ असू द्या. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. दोघांचीही कार्डं काढून ठेवा. पण ते हॉस्पिटलात भरती झाल्यावरचं आहे. घरची बाई, फिजिओ, डायपर त्यात बसत नाहीत. खाजगी मेडिक्लेममध्येही बाईचा पगार सहसा बसत नाही. तो खर्च खिशातला, म्हणून वॉकर, कमोड खुर्ची विकत न घेता आधी भाड्याने मिळते का बघा. डोक्याकडून-पायांकडून वर उचलता येणारा हॉस्पिटलसारखा पलंग तुम्हाला लागणार नाही. तो आला की माणूस त्यावरच राहतो.

हे दिसलं तर वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने हॉस्पिटल गाठा: एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखलं, ऑपरेशनचा पाय अचानक आखूड किंवा वाकडा दिसायला लागला आणि टेकवेना, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात गळाला, हाक मारली तरी डोळे उघडेनात. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखायला लागली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर टाकायचं नाही. जखमेतून पाणी-पू आला तरी तसंच. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तुमच्याकडे त्यातला वेळ तीन मजले उतरवण्यात जाणार आहे. म्हणून कोणत्या शेजाऱ्यांना हाक मारायची, खुर्चीत बसवून खाली कोण नेणार, हे आजच ठरवून नंबर फोनशेजारी चिकटवा.

राहता राहिला जिना. तिसरा मजला म्हणजे सहा टप्पे. बाबा वॉकरने घरात सहज फिरायला लागले की फिजिओच्या सोबतीने जिना सुरू करायचा. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. एक हात कठड्याला, दुसऱ्यात काठी, आणि उतरताना बाई एक पायरी खाली. पहिल्या आठवड्यात एकच टप्पा उतरून परत वर. सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून प्रत्येक मजल्याच्या लँडिंगवर एक घडीची खुर्ची ठेवायची परवानगी घ्या. कठडा हलत असेल तर तोही आताच दुरुस्त करून मागा, इमारतीत म्हातारे तुमचेच एकटे नसणार. आणि बाबांना खाली नेमकं कुठे जायचंय ते विचारून घ्या, पेपरवाल्याकडे की कट्ट्यावर. डॉक्टरांकडे जायचं म्हणून जिना उतरायला कुणीच राजी होत नाही.